नडगीतली न दिसणारी चीर

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की परभणी जिल्ह्यातले रस्ते पहाटेच गजबजतात. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडची मुलं-मुली ग्राउंडच्या तयारीला लागतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800; त्याला 20 गुण. जिल्ह्याला धावणं नवं नाही. 2017च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीचीच. पण महिनोन् महिने अभ्यासाला बसलेला मुलगा एकदम रोज डांबरी रस्त्यावर पळू लागला, की काही आठवड्यांत नडगी ठणकायला लागते. एक्स-रे काढला तर तो नॉर्मल. मग पोरगा पट्टी बांधून पुन्हा पळतो.

हे दुखणं आधी सैनिकांनी सोसलं. 1855 साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. मोडलेलं हाड त्याला दिसणं शक्यच नव्हतं. 1895 मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि दोनच वर्षांत श्टेशो या डॉक्टरने तशा पावलांमधली हाडं मोडलेली असल्याचं दाखवून दिलं.

तेव्हापासून एक्स-रेवर विश्वास बसला, तो थोडा जास्तच बसला. वारंवार ताण पडला की हाड आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि नवा भाग मागाहून भरतं. या मधल्या काळात धाव थांबली नाही तर बारीक चीर पडते. एक्स-रेत दिसतं ते बहुतेक वेळा भरून येऊ लागलेलं हाड, आणि त्याला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे ऐन दुखण्याच्या दिवसांत फिल्म कोरी असते.

1971 मध्ये गोपाल सुब्रमण्यन आणि मॅकॲफी यांनी किरणोत्सर्गी टेक्नेशियम जोडलेलं फॉस्फेट वापरून हाडांचा स्कॅन करण्याची वाट काढली. नडगीतला त्रास काही दिवसांतच काळ्या ठिपक्यासारखा उमटू लागला. पण टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून ते परभणीला पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त संपलेलं असणार. शिवाय तो ठिपका चीर आणि नुसती सूज यांतला फरक नेमका सांगत नसे.

तो फरक एमआरआयने दाखवला. 1995 मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंच्या नडग्या तपासून चार पायऱ्या मांडल्या: आधी हाडावरच्या आवरणाची सूज, मग मज्जेतली, ती वाढत जाऊन शेवटी प्रत्यक्ष चीर. विश्रांती किती द्यायची, हे त्यावरून ठरवता येऊ लागलं.

मराठवाड्यातल्या शहरांत आता एमआरआय होतो. खर्च मात्र शेतकऱ्याच्या घराला जड जातो. म्हणून डॉक्टरचा अंगठा अजूनही मोलाचा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर दुखत असेल तर बहुधा आवरणाची सूज. एकाच बोटाएवढ्या जागी दाबताच रोगी कळवळला तर चीर धरून चालायचं, धावणं बंद करायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. मुलीची पाळी अनियमित झाली असेल तर तेही विचारायलाच हवं, कारण अपुऱ्या आहाराने पाळी बिघडते तेव्हा हाडही आतूनच दुबळं झालेलं असू शकतं.

दुखणं नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर खर्चाकडे न बघता एमआरआय करावा. तिथल्या चिरेची आडवी काळी रेघ सहजी भरत नाही. कधी हाडात सळई घालावी लागते आणि त्या वर्षीची भरती हातची जाते.