'रेबेका' : खोटे न बोलता केलेला छळ

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयातील इंग्रजी कादंबऱ्यांच्या कपाटापुढे मी नुसतीच उभी राहत असे. कोणते पुस्तक मागावे हेच कळत नसे. शेवटी इंग्रजीच्या सरांनी एक नाव सुचवले : डॅफ्ने द्यू मोरिए यांची 'रेबेका'. शब्दकोश उशाशी ठेवून ती वाचायला मला सव्वा महिना लागला आणि दोनदा मुदत वाढवून घ्यावी लागली. या कादंबरीत भूत नाही, पोलिसी पाठलाग नाही. तरीही रात्री वाचताना अंगावर काटा येई. ही भीती कोठून येते, याचा मी पुष्कळ विचार केला. तो विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

'रेबेका' १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. कथा सांगणारी एक पोरकी, गरीब तरुणी आहे. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून ती माँटे कार्लोला आली आहे. तेथे तिच्याहून वयाने दुप्पट असलेल्या मॅक्सिम डी विंटर या विधुर जमीनदाराशी तिची ओळख होते, थोड्याच दिवसांत लग्न होते आणि ती इंग्लंडमधील मँडर्ली नावाच्या प्रचंड वाड्याची मालकीण बनते. मॅक्सिमची पहिली पत्नी रेबेका समुद्रात बुडून मेलेली आहे. पण वाड्यात तिचेच राज्य चालू आहे, आणि ते चालवणारी आहे घराचा कारभार पाहणारी मिसेस डॅन्व्हर्स. रेबेकाला तिने लहानपणापासून सांभाळलेले. मेलेल्या मालकिणीवरची तिची माया आता वेडाच्या सीमेवर पोचली आहे. लेखिकेने मृत स्त्रीचे नाव पुस्तकाला दिले आणि जिवंत नायिकेला शेवटपर्यंत नावच दिले नाही. अर्धी गोष्ट येथेच सांगून झाली, असे मला वाटते.

मिसेस डॅन्व्हर्सची छळाची रीत पाहण्यासारखी आहे. ती आवाज चढवत नाही, अपशब्द वापरत नाही, आणि विशेष म्हणजे फारसे खोटेही बोलत नाही. नवी सून वाड्यात येते तेव्हा सारे नोकर रांगेत उभे असतात. गोंधळून तिच्या हातातले मोजे खाली पडतात. मिसेस डॅन्व्हर्स वाकून ते उचलते आणि परत देते. वागणे अदबीचेच, फक्त ओठांवर तुच्छतेची एक बारीक रेघ. पुढे जेवणाचे पदार्थ ठरवणे असो की पत्रे लिहिण्याचे टेबल असो, प्रत्येक वेळी एकच गोष्ट नम्रपणे कानावर घातली जाते : पूर्वीच्या बाईसाहेब असे करीत असत. हे सारे खरेच असते, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

याचा परिणाम किती खोल जातो पाहा. पहिल्याच सकाळी वाड्यातला फोन वाजतो आणि पलीकडून मिसेस डी विंटरना विचारले जाते. नायिका घाईघाईने सांगून टाकते की त्या तर वर्षापूर्वीच वारल्या! नंतर लक्षात येते की फोन मिसेस डॅन्व्हर्सचाच होता आणि विचारले होते ते आपल्यालाच. आणखी एकदा तिच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते. ती घराची मालकीण, पण चोरासारखी तुकडे खणात लपवते. कोणीही तिला हाकललेले नाही. आपण येथल्या नव्हेत, हे तिनेच मान्य करून टाकले आहे.

मग येतो फॅन्सी ड्रेसचा समारंभ. कोणता वेष करावा हे नायिकेला सुचत नाही. मिसेस डॅन्व्हर्स वाड्यातल्या एका पूर्वज स्त्रीच्या चित्राकडे बोट दाखवते : असा पांढरा पोशाख करावा. नायिका हौसेने तो शिवून घेते आणि जिना उतरू लागते. मॅक्सिम तिला पाहून संतापाने पांढराफटक पडतो, कारण मागच्या समारंभात रेबेकाने हुबेहूब तोच वेष केला होता. मिसेस डॅन्व्हर्सने फक्त एवढीच गोष्ट सांगायची ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुक्यात, उघड्या खिडकीपाशी उभी राहून ती या मुलीला हळू आवाजात समजावते की तुझ्यासाठी येथे काहीच उरलेले नाही, उडी टाकणे सोपे आहे. आणि ती मुलगी जवळजवळ तयार होते! खडकावर आदळलेल्या जहाजाच्या इशाऱ्याचे बार ऐनवेळी उडतात, म्हणूनच ती वाचते.

योगायोग असा की त्याच १९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 'गॅस लाइट' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यात नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. दिवे मंद झालेले तिला दिसतात, तर तो तिचा भास ठरतो. 'गॅसलाइटिंग' हा शब्द तेथूनच आला. मिसेस डॅन्व्हर्सला इतका खटाटोप करावा लागत नाही. तेथे डोळ्यांवरचा विश्वास उडवावा लागतो, येथे स्वतःच्या लायकीवरचा. आणि तो विश्वास मुळातच डळमळीत असेल, तर बाहेरून एक बोट लावले तरी पुरते.

हे मला पुस्तकाआधीच ठाऊक होते, पण त्याला नाव नव्हते. गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी नाव देणार होते. वसतिगृहातल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला जवळ बसवून घेतले आणि प्रेमाने म्हणाल्या, "अगं, परीक्षक 'न' आणि 'ण'कडे फार लक्ष देतात. तुझी फजिती झाली तर मलाच वाईट वाटेल." त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. आमच्याकडे पाण्याला 'पानी'च म्हणतात. माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. ते म्हणाले असते, जा आणि बोल. पण मी त्यांना विचारलेच नाही. नाव दिले नाही, वर ताईंचे आभार मानले. त्यांच्या मनात काय होते ते मला कळणे शक्य नाही. कदाचित खरोखरच माया असेल. पण खिडकी मात्र माझी मीच उघडून ठेवली होती.

मिसेस डॅन्व्हर्सला केवळ खलनायिका म्हणून सोडून देणेही मला जमत नाही. सारा जन्म दुसऱ्याच्या घरात घालवलेली ही बाई. तिचे म्हणून जे काही होते ते रेबेका होती, आणि रेबेका गेली. नोकराच्या शोकाला वाड्यात जागा नसते. त्या कोंडलेल्या शोकाचे विष झाले. तिने रेबेकाची खोली, झोपण्याचा झगा, केसांचे ब्रश जसेच्या तसे जपले आहेत, ते वाचताना भीतीबरोबर कीवही येते.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४० साली या कथेवर चित्रपट काढला. तो त्यांचा पहिलाच अमेरिकन चित्रपट, आणि त्याला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ज्युडिथ अँडरसन यांची मिसेस डॅन्व्हर्स त्यात क्वचितच चालताना दिसते; नायिका वळून पाहते तो ती आधीच तेथे उभी! आपल्याकडे १९६४ साली बिरेन नाग यांनी याच कथेवरून 'कोहरा' काढला. त्यात वहिदा रहमान नायिका, आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी दाईमा म्हणून आपल्या ललिता पवार. पडद्यावरची खाष्ट सासू म्हणून सारा देश त्यांना ओळखत होता, त्यामुळे ही भूमिका प्रेक्षकांना सांगावीच लागली नसेल. नव्या सुनेला आधीच्या सुनेच्या गुणांनी टोचणे ही काही केवळ विलायतेची रीत नव्हे.

नायिका सुटते कशी? मॅक्सिम तिच्यापुढे कबूल करतो की रेबेकावर त्याचे प्रेम नव्हतेच, आणि तिला त्यानेच गोळी घालून मारले. हे ऐकून नायिका खुनाने हादरण्याऐवजी पहिल्या गोष्टीने सुखावते. दुसऱ्याच दिवशी ती मिसेस डॅन्व्हर्सला ठणकावते की आता मिसेस डी विंटर मी आहे. तिचे धैर्य पाहून मला आनंद झाला, पण ते ज्या जागेवरून आले ती जागा मला आवडली नाही. नवऱ्याने रेबेकाचा द्वेष केला हे कळल्यावरच तिला स्वतःची किंमत वाटू लागली. म्हणजे मोजण्याची काठी तीच राहिली, फक्त उलटी धरली. चित्रपटात तर हिचकॉकना तेव्हाच्या नियमांमुळे हा खून अपघात करून दाखवावा लागला. कादंबरीतले अवघड सत्य तेथे हरवले.

सरांनी पुस्तक परत घेताना विचारले, काय शिकलीस? तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज एवढे म्हणेन की खोटे बोलून फसवणारा माणूस कधी तरी सापडतो. पण आपल्याच मनातली लाज हेरून जो खऱ्या शब्दांनीच टोचतो, तो सापडत नाही. तेथे आधी ती लाजच तपासावी लागते.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी नाव दिले आहे. 'ण' अजून चुकतो.