विजेची, हायब्रिड, डिझेल की हायड्रोजन? गाड्यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिझेलची गाडी टाकीतले इंधन इंजिनात जाळते. हायब्रिड पेट्रोल जाळते, पण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा छोट्या बॅटरीत साठवून पुन्हा वापरते. विजेची गाडी घरून किंवा चार्जिंग केंद्रावरून भरलेल्या मोठ्या बॅटरीवर चालते. हायड्रोजनची गाडीही मुळात विजेचीच. तिची वीज गाडीतल्या इंधनघटात, हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून तयार होते.

विजेच्या गाडीमुळे धूर फक्त औष्णिक केंद्राकडे सरकतो, एकूण प्रदूषण तेवढेच राहते, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप. त्यात तथ्याचा अंश असल्याने तो हिशेबानेच तपासावा लागतो. भारतातल्या ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मध्यम आकाराच्या गाडीला १०० किलोमीटरसाठी साधारण १५ युनिट लागतात, म्हणजे साडेदहा किलो. तारांमधली गळती धरली तर सुमारे बारा. एक लिटर डिझेल जाळल्यावर सुमारे २.७ किलो वायू निघतो. लिटरला १८ किलोमीटर धावणारी डिझेल गाडी तेवढ्याच अंतरात १५ किलो सोडते, आणि तेल उपसून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्च वेगळा. म्हणजे मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या आजच्या ग्रिडवरही विजेची गाडी पुढेच राहते. मात्र लिटरला २२ किलोमीटर देणारी पेट्रोल हायब्रिड, लिटरमागे पेट्रोलचा वायू डिझेलपेक्षा कमी असल्याने, साडेदहा किलोवर येते. आजच्या ग्रिडवर या दोघींत फारसे अंतर नाही, हे विजेच्या गाडीच्या समर्थकांनीही मान्य करायला हवे. फरक पुढे पडतो. ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी तीच गाडी दरवर्षी स्वच्छ होत जाते. पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनाला ती सोय नाही.

विजेची गाडी ‘शून्य प्रदूषण’ करते, हेही तितकेच चूक. बॅटरी बनवताना बराच कार्बन खर्ची पडतो आणि टायरची धूळ प्रत्येक गाडीची उडतेच. शिवाय पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर न दिसणारा धूर चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांजवळच्या रहिवाशांच्या श्वासात जात असेल, तर त्याला शून्य म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

पावसात चार्जिंग करताना शॉक बसेल, ही भीती आपल्याकडे साहजिक आहे. प्रत्यक्षात गाडी आणि चार्जर यांच्यात आधी संदेशांची देवाणघेवाण होते. प्लग नीट बसल्याची खात्री झाल्यावरच वीज सोडली जाते. बहुतेक बॅटऱ्या आयपी६७ दर्जाच्या असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी त्यांनी दिलेली असते. याचा अर्थ पुरातून गाडी हाकावी असा मुळीच नाही.

घाटात बॅटरी संपते, असेही म्हटले जाते. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. सोळाशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला सपाट रस्त्यापेक्षा जास्तीचे अडीच ते तीन युनिट लागतात. चाळीस युनिटांच्या बॅटरीत हा घास मोठा नाही, आणि उतरताना त्यातला बराचसा भाग परतही मिळतो. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावरची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही.

हायब्रिडबद्दलचा गोंधळ मुख्यतः नावाचा आहे. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, पण एकटी गाडी चालवू शकत नाही. ‘स्ट्राँग हायब्रिड’ काही अंतर केवळ विजेवर जाते. तिला चार्जिंगचा प्लग नसतो. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. तिचा खरा फायदा शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत होतो, महामार्गावर तो घटतो.

डिझेल कालबाह्य झाले, हे मत घाईचे आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या गाड्यांतली काजळी फिल्टरमध्ये अडवली जाते. पण तो फिल्टर साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापलेले असावे लागते. रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्याने डिझेल घेतले तर फिल्टर तुंबतो. लांबचा प्रवास आणि जड ओझे हेच डिझेलचे क्षेत्र आहे.

हायड्रोजन म्हणजे फुकटचे, पाण्यापासून मिळणारे इंधन, हा समज सर्वांत दिशाभूल करणारा. मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, तेव्हा त्या गाडीतून फक्त पाणी बाहेर पडते ही गोष्ट घरोघरी पोहोचली. ती खरीच आहे. पण हायड्रोजनच्या खाणी नसतात. तो तयार करावा लागतो, आणि जगात आज तो बहुतांश नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. पाण्याचे विघटन करून एक किलो मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. वर तो वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाने टाकीत भरावा लागतो. त्या एका किलोवर गाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. तेवढ्याच विजेत बॅटरीची गाडी तीनशेच्या पुढे पोहोचते. खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण यांना हायड्रोजनवाचून गत्यंतर नाही. पाण्यापासून बनवलेला महागडा हायड्रोजन आधी तिथे वापरला जावा; घरच्या गाडीसाठी तो खर्ची घालणे परवडणारे नाही.