श्वानासह मुंबईदर्शन

बाहेरगावच्या पाहुण्याला मुंबई दाखवायची यादी वर्षानुवर्षे ठरलेली आहे. गेटवे ऑफ इंडिया, समोरचे ताजमहाल हॉटेल, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सीएसएमटीची वास्तू, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि वेळ उरलाच तर हाजी अली किंवा सिद्धिविनायक. पाहुणा दमतो आणि यजमान त्याहून अधिक दमतो. मुरलेल्या मुंबईकराला मत विचारले, तर तो या यादीतील निम्म्या नावांवर बिनदिक्कत काट मारतो. त्यातही त्याच्या घरी कुत्रा असेल तर उरलेल्या निम्म्यांतील बरीच ठिकाणे आपोआप गळतात. वस्तुसंग्रहालयात श्वानाला नेण्याचा प्रश्नच नसतो, महापालिकेच्या अनेक उद्यानांच्या फाटकावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ असे फलक असतात आणि हॉटेलच्या दारात रखवालदार आडवा येतो. मग हाती उरतात ते रस्ते, पदपथ आणि समुद्रकाठचे कट्टे. पण या उरलेल्या मुंबईतच पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि या शहराचा कुत्र्यांशी असलेला जुना ऋणानुबंधही याच रस्त्यांवर सापडतो.

गेटवेपासूनच सुरुवात करायची तर स्थानिकांचे मत स्पष्ट आहे. सुटीच्या दिवशी तिथे जाऊ नये. तपासणीची रांग, छायाचित्रकारांचा गराडा, कबुतरांचे थवे आणि माणसांची दाटी यांत माणूस गांगरतो, तिथे कुत्र्याची काय कथा? शिवाय ही कमान मुळात समुद्राकडून येणाऱ्यासाठी उभारलेली आहे. मांडव्याच्या किंवा घारापुरीच्या लाँचमधून मागे वळून पाहावे, तेव्हा तिचे खरे रूप डोळ्यांत भरते. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची ही कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, होमी मोदी स्ट्रीटवर विटेट यांचीच आणखी एक इमारत उभी राहिली. ती म्हणजे टाटा समूहाचे मुख्यालय असलेले ‘बॉम्बे हाऊस’. पर्यटकांच्या यादीत ते नसते आणि आत जाण्याचे कारणही सामान्यांना पडत नाही. परंतु २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन ही वास्तू पुन्हा खुली झाली तेव्हा परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर स्वतंत्र खोली राखण्यात आली होती. गळ्यात पट्टा नसलेली कुत्री देशातील एका मोठ्या उद्योगसमूहाच्या मुख्यालयात हक्काने ये-जा करतात, हे दृश्य गेटवेवरील कबुतरांपेक्षा नक्कीच दुर्मीळ आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्या अंत्यदर्शनाला एनसीपीएत आणलेला त्यांचा ‘गोवा’ नावाचा कुत्रा अनेकांना आठवत असेल.

विटेट यांचेच नाव बॅलार्ड इस्टेटशीही जोडलेले आहे. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर वसलेला हा भाग आठवड्याचे सहा दिवस कचेऱ्यांचा असतो. रविवारी सकाळी मात्र तो जवळजवळ निर्मनुष्य होतो. रुंद पदपथ, वाहनांची वर्दळ नाही, एकसारख्या उंचीच्या दगडी इमारती आणि त्यांची लांब सावली. श्वान घेऊन फिरायला दक्षिण मुंबईत याहून चांगली जागा नाही, असे मत तिथे नेमाने येणाऱ्यांकडून हमखास ऐकायला मिळते आणि ते खोडून काढणे अवघड आहे. मरीन ड्राइव्हची ख्याती मोठी असली तरी सकाळी आठनंतर तिथला पदपथ तापू लागतो आणि कुत्र्याच्या पंजांना ते सोसत नाही. हाताचा पालथा तळवा पदपथावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. माणसाला चटका बसला तर कुत्र्यालाही बसणार.

फोर्टमधील या गल्ल्यांतच एकेकाळी कुत्र्यांसाठी दंगल झाली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यातील ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस असल्याने मारेकरी घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही पळवू लागले. पारशी समाजात श्वान पवित्र मानला जातो. मृतदेहाला श्वानाची दृष्टी घडवण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा अंत्यविधीच आहे. त्या वर्षी ६ जूनला संतप्त जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडवली गेली आणि थेट मुख्य न्यायाधीशांच्या गाडीवर दगडफेक झाली. अखेर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा तोडगा पुढे आला. जवळपास दोनशे वर्षे उलटली तरी वाद तोच आहे. फक्त व्यासपीठ रस्त्यावरून न्यायालयात गेले आहे.

त्याच फोर्टात, मिंट रोडच्या तिठ्यावर, रतनसी मुळजी जेठा यांनी १८९४ मध्ये अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधलेली पाणपोई आहे. माथ्यावर मुलाचा पुतळा, भोवती दगडात कोरलेले प्राणी. जुन्या मुंबईत अशा पाणपोया म्हणजे ‘प्याऊ’ जागोजागी होते. माणसांसाठी वर नळ आणि जनावरांसाठी खाली दगडी डोणी, अशी अनेकांची रचना असे. बाटलीबंद पाण्याच्या जमान्यात त्यांतील बरेच कोरडे पडले, काही दुकानांच्या फळ्यांमागे दडले, तर काहींचा जीर्णोद्धार झाला. पाहुण्याला फोर्ट दाखवताना राजाबाई टॉवरच्या जोडीने असा एखादा प्याऊ दाखवायला हरकत नाही. तिथून काळा घोडा दूर नाही. मूळचा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला आणि नाव तेवढे मागे राहिले. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा उभा राहिला, पण स्वारावाचून!

आता दुकानांविषयी. पर्यटक कुलाबा कॉजवेवर खरेदी करतात आणि मुंबईकर ते टाळतात, एवढे सांगितले तरी पुरे. विक्षिप्त, जगावेगळ्या वस्तूंची हौस असणाऱ्याने मटण स्ट्रीटवरील चोरबाजारात जावे. जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे पितळी दिवे, तुटक्या घड्याळांचे काटे असे काहीही तिथे मिळू शकते आणि ‘जुने’ म्हणून हाती पडणारी वस्तू गेल्या महिन्यातलीही असू शकते. परिसरात भेंडीबाजाराच्या पुनर्विकासाने गल्ल्यांचा नकाशा बदलत आहे, तेव्हा जायचे तर लवकर जावे. कुत्र्याला मात्र घरी ठेवावे. काचांचे तुकडे आणि सांडलेले तेल त्याच्यासाठी नाही. धोबी तलावाजवळ १८६५ पासूनचे फुर्टाडोंचे वाद्यांचे दुकान आहे आणि दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांची पेटी. एकीकडे पियानो, दुसरीकडे हार्मोनियम. दोन्ही दुकाने एका दिवसात पाहणाऱ्याला या शहराच्या संगीताचे दोन कान दिसतात. पुस्तकांचे वैभव ओसरले आहे. फाउंटनच्या पदपथावरील विक्रेत्यांची रांग आता पूर्वीची राहिली नाही, स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाला आणि त्याआधी २०१६ मध्ये ऱ्हिदम हाऊसचे दार लागले. २०१० मध्ये सुरू झालेले ‘किताबखाना’ मात्र डिसेंबर २०२० च्या आगीतून सावरून पुढच्याच वर्षी पुन्हा उभे राहिले.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईबाबत स्थानिकांत दोन तट आहेत. १८६९ ची ही वास्तू, लॉकवुड किपलिंग यांनी कोरवून घेतलेली प्रवेशद्वारावरची शिल्पे आणि फळांच्या राशी पाहाव्यात, यावर एकमत आहे. मतभेद आहे तो तिथे वर्षानुवर्षे भरत आलेल्या पशुपक्ष्यांच्या बाजाराविषयी. पाहुण्यांच्या मुलांना तो भाग फार आवडतो. पण पिंजऱ्यातील पिल्लू हौसेने घेणाऱ्याने २०१७ आणि २०१८ चे नियम आधी वाचावेत. आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही, तर विक्रेत्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असणे बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागितला की समोरच्याचा चेहरा बरेच काही सांगून जातो.

उत्तरेकडे सरकले की दादर. शिवाजी पार्कच्या मैदानावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, तेव्हा तिथे कुत्रा मोकळा सोडणे खेळाडूंना रुचत नाही आणि त्यांचे काही चुकत नाही. मात्र कट्ट्याभोवतीचा पदपथ पहाटेपासून श्वानप्रेमींचा असतो. ओळखी कुत्र्यांच्या नावांनी होतात. माणसांची नावे बरीच नंतर कळतात. त्याहून शांत जागा म्हणजे दादर-माटुंग्याच्या सीमेवरील फाइव्ह गार्डन्स. शेजारची दादर पारशी कॉलनी १९२०च्या दशकात मंचेरजी एदलजी जोशी यांच्या प्रयत्नांतून आकाराला आली. (नाव फसवे आहे, हे जोशी पारशी होते.) दुतर्फा झाडी, मोजक्या उंचीच्या इमारती आणि कुत्र्यांविषयीची जुनी आत्मीयता यामुळे इथे साखळी धरून चालणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. वांद्र्याच्या कार्टर रोडवर हीच गर्दी अधिक नटूनथटून येते, एवढाच फरक.

या साऱ्यात नियम काय सांगतात? मुंबई महापालिका अधिनियमानुसार पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. भारतीय पशू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर किंवा त्याच्या लिफ्टच्या वापरावर सरसकट बंदी घालता येत नाही. उद्यानांबाबत पूर्ण बंदीऐवजी वेळा ठरवून द्याव्यात, असा त्या सूचनांचा सूर आहे. पहाटेचा एक तास श्वानांसाठी राखला तर पाळणाघरातील मुलांशी त्यांची गाठ पडणारच नाही, इतकी ही साधी बाब आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा. २०२३ च्या नियमांत निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना त्याच भागात सोडण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आधी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांतच तो सौम्य करत पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून इतरांना लसीकरणानंतर परत सोडण्यास सांगितले आणि अन्न घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे बजावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे व रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. घरचा कुत्रा फिरवणाऱ्यालाही याची झळ बसते, कारण रस्त्यावरील प्रत्येक टोळीची आपली हद्द असते आणि साखळीतल्या कुत्र्याला ती ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. स्थानिक फिरस्त्यांना या हद्दी पोस्टमनइतक्याच पाठ असतात.

एका ठिकाणी मात्र मुंबईकराचे मत ठाम नकारार्थी असावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी नेता येत नाहीत आणि तो नियम योग्यच आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. आरेच्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर कुत्रा फिरवणे म्हणजे त्यालाच निमंत्रण. धोका उलट दिशेनेही आहे: २०१८ मध्ये गीरच्या जंगलात कॅनाइन डिस्टेंपर विषाणूच्या साथीत वीसहून अधिक सिंह दगावले होते आणि हा विषाणू कुत्र्यांमध्ये सर्रास आढळणारा आहे.

आणि कुत्रा आजारी पडला तर? परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून तिथे आहे. जुने गिरणगावकर आजही त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’च म्हणतात, रिक्षा-टॅक्सीवाल्यालाही तेच नाव लवकर समजते. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालयही सुरू झाले. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस टोचून घ्यावी आणि हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागातून कुत्र्याला चालवत नेऊ नये. चुकून कोणाला चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.