रुमालाखालचा सौदा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कापसाचा बाजार नियंत्रित झाला. देशातील असा तो पहिलाच बाजार. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ रुई वाजवी दराने मिळावी, हा त्यामागील हेतू होता. वऱ्हाडच्या कास्तकाराच्या पदरात चार पैसे अधिक पडावेत, हा नव्हे. १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडात असे बाजार पसरले खरे, परंतु त्यांच्या समित्यांवर बहुमत व्यापाऱ्यांचे राहिले आणि पिकविणाऱ्याला प्रतिनिधित्वच नव्हते, यावर शाही कृषी आयोगाने १९२८ सालीच बोट ठेवले होते.

रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव, मापाड्याचा काटा, घाणीच्या नावाने कापलेला कडता, या क्लृप्त्या सर्वांना ठाऊक आहेत. त्या वर्षानुवर्षे टिकतात कशा, हा खरा प्रश्न. सर्वच अडते अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. पण मृगात बियाण्यासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी ज्याने रात्री दोन वाजता पैसे दिले, त्याच्या काट्यावर शंका घेण्याचे बळ कास्तकाराजवळ उरत नाही. मापाडी अडत्यावर अवलंबून, अडत्या खरेदीदारावर. प्रत्येकाला दुसऱ्याचे गुपित माहीत. अशा साखळीला धाकदपटशाची गरज पडत नाही.

१९७२ साली राज्याने एकाधिकार कापूस खरेदी सुरू करून व्यापाऱ्याला कायद्याने बाजूला सारले. त्याबरोबर लाचेची जागा काट्यावरून प्रतवारीकडे सरकली. कापसाचा भाव प्रतीवर ठरे आणि प्रत ठरे ग्रेडरच्या नजरेने. त्यातच चुकारे रखडत. अडलेला कास्तकार कापूस पडत्या भावाने व्यापाऱ्याला देई आणि तोच कापूस कुणा कास्तकाराच्या नावाने संकलन केंद्रावर येई. हमीभाव चढा असला की परराज्यातील कापूस आत येई. बाहेर तेजी असली की इथला सीमेपार जाई.

२०१७ साली तुरीच्या खरेदीत हेच दिसले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, बाजारातील दर त्याहून पुष्कळ खाली. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नावावर तूर विकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या व शासनाला चौकशीची घोषणा करावी लागली. अशा चौकशीत कागद खरे निघतात. सात-बारा खरा, सही खरी, बँकखातेही खरे. माल तेवढा त्या शेतातला नसतो. आणि ज्याने सात-बारा दिला, तो क्विंटलमागे थोडेफार घेऊन या व्यवहाराचा भागीदार झालेला असतो. तक्रार करावी तर प्रथम स्वतःच अडकायचे.

२०२१ पासून ई-पीक पाहणीत पेरा कास्तकारानेच छायाचित्रासह नोंदवायचा आहे. तलाठ्याने चावडीत बसून पेरे भरण्यापेक्षा हे निश्चित बरे. मात्र त्या पेऱ्यासाठी उचल कुणाकडून घेतली, हे विचारणारा रकाना त्यात नाही.