दोष कोणाचा आणि पैसे कोणाचे?

नागपूर-भंडारा हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं, मौदा हें तालुक्याचें गांव आहे. तेथील बाजाराचा दिवस कल्पावा. दुकानांपुढच्या मोकळ्या जागेंत मोटारी, दुचाक्या, ट्रॅक्टर व मालाचे टेंपो एकमेकांस खेटून उभे आहेत. एक गृहस्थ आपली मोटार मागें घेतात. त्याच क्षणीं दुसरी मोटार जागा शोधीत मागून येते. धक्का बसतो, एकीचा दिवा फुटतो, दुसरीचें दार चेपतें. दोघेही गृहस्थ खालीं उतरतात आणि दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघतें : "चूक तुमची!" भोवतीं जमलेली मंडळी बहुधा मोठ्या गाडीच्या मालकास दोषी ठरवून मोकळी होते. हा निवाडा झटपट होतो खरा. पण त्यांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालविले जातात. दोष कोणाचा, हा एक. आणि दुरुस्तीचे पैसे कोणीं द्यावयाचे, हा दुसरा. या दोहोंचें उत्तर नेहमीं एकच असतें असें नाहीं.

प्रथम दोषाचा विचार करूं. कायदा गाडीचा आकार पाहत नाहीं. कोणीं कोणती काळजी घ्यावयास हवी होती आणि ती कोणीं घेतली नाहीं, एवढेंच तो पाहतो. वाहन मागें घेणाऱ्यावर सर्वांत मोठा भार आहे, कारण त्याला दिसतें सर्वांत कमी. मागें घेण्यानें कोणास धोका अगर अडथळा होणार नाहीं याची खात्री त्यानें आधीं करून घेतली पाहिजे, असा वाहतुकीचा नियमच आहे. म्हणून वरील प्रसंगीं दोषाचा मोठा वांटा त्याच्याकडे जातो. परंतु मागून येणारा गृहस्थ भरधाव येत असेल, किंवा त्याची नजर हातांतील मोबाइलवर असेल, तर कांहीं वांटा त्याच्याही पदरीं पडतो. समोरासमोरच्या जागांतून दोघेही एकाच वेळीं मागें निघाले व मध्यें आदळले, तर दोष सामान्यतः दोघांचा.

मग उभें असलेलें वाहन सर्वस्वीं निर्दोष काय? बहुतेक वेळां होय; पण नेहमीं नव्हे. दुसऱ्यास धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितींत वाहन सोडून जाण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 122 व्या कलमानें मनाई केली आहे. वळणाच्या तोंडाशीं, अंधारांत, अर्धी गाडी वाटेंत ठेवून जाणारा मालक "माझी गाडी तर उभी होती" एवढ्यावर सुटत नाहीं. दोष वांटला गेला म्हणजे भरपाईही त्याच प्रमाणांत उतरते. नुकसान 20,000 रुपयांचें आणि स्वतःचा दोष तीन दशांश ठरला, तर दुसऱ्याकडून 14,000 रुपयेच मागतां येतात.

कारखान्याच्या किंवा दुकानाच्या आवारांत रस्त्याचा कायदा लागू नाहीं, असा एक समज आढळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा, 1988 च्या निर्णयसंग्रहांत छापलेला निकाल याच्या उलट आहे. जागा खासगी मालकीची असली तरी लोकांना तेथें प्रवेश मिळत असेल, मग तो मोकळा असो वा फाटकावर अडवून दिलेला असो, तर विम्याच्या कामीं ती सार्वजनिकच समजावयाची.

आतां पैशांचा प्रश्न. सक्तीचा विमा तो परक्यासाठीं. आपल्या वाहनानें दुसऱ्याच्या जिवाचें वा मालमत्तेचें नुकसान झालें तर विमा कंपनी तें देते. खासगी मोटारीच्या रूढ पॉलिसींत मालमत्तेपुरती ही मर्यादा 7,50,000 रुपये असते. स्वतःच्या चेपलेल्या दाराचा एक पैसाही या विम्यांतून मिळत नाहीं. त्यासाठीं स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा निराळा उतरावा लागतो. तो असल्यास मात्र दोष आपला असला तरी दुरुस्तीचा खर्च मिळतो. दोष एकाचा आणि पैसे दुसरीकडून, तें असें.

परंतु मागणी करण्यापूर्वीं हिशेब करावा. ज्या वर्षीं मागणी केली नाहीं त्याबद्दल पुढील हप्त्यांत सवलत मिळते. ती 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. मागणी केली कीं ती साधारणपणें बुडते. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता 8,000 रुपये असेल व सवलत निम्मी असेल, तर 3,000 रुपयांच्या दुरुस्तीसाठीं 4,000 रुपयांवर पाणी सोडण्यांत शहाणपण नाहीं.

टक्कर झाल्यावर पहिलें काम भांडण्याचें नव्हे, पाहण्याचें आहे. गाड्या हलविण्यापूर्वीं चाकांची दिशा व जागेच्या रेषा दिसतील अशीं छायाचित्रें घ्यावीं, परस्परांचे वाहन व विमा क्रमांक टिपून ठेवावे, आणि दुकानावर कॅमेरा असल्यास त्यांतील चित्र राखून ठेवण्यास सांगावें. कंपनीस ताबडतोब कळवावें. तिच्या लेखी संमतीवांचून दोष कबूल करूं नये, कीं भरपाईचें वचन देऊं नये, ही पॉलिसींतील अट पुष्कळांस ठाऊक नसते. भिडेखातर दिलेली एक चिठ्ठी पुढें मोठ्या दाव्यास बाधते.

हें सर्व पत्र्याच्या नुकसानीपुरतें झालें. माणूस जखमी झाला तर प्रथम त्याला दवाखान्यांत न्यावें, पोलिसांस व कंपनीस कळवावें. तें चालकाचें कायदेशीर कर्तव्यच आहे. जखमीस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातां येतें. अर्जासाठीं 2022 पासून सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्यामुळें विलंब करूं नये.

दार पुन्हां सरळ होतें, दिवा नवा बसतो. पण बाजाराच्या गर्दींत, गाडीच्या मागें, काचेच्या उंचीपर्यंत न पोचणारें एखादें मूल उभें असूं शकतें. त्याची भरपाई कोणत्याही पॉलिसींत नाहीं. मोटार मागें घेण्यापूर्वीं खालीं उतरून एकदां मागें पाहण्यास अर्धें मिनिट लागतें. तेवढें अर्धें मिनिट ज्यानें दिलें, त्याला वरील नियमांची गरज क्वचितच पडेल.