आगगाडीच्या डब्यात आग कशी पसरते?

आगगाडीचा डबा तर पोलादाचा! मग तो पेट कसा घेतो, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. पोलाद पेटत नाही हे खरे. पण आसनांचा स्पंज, रेक्झिन, पडदे, प्रवाशांचे कपडे नि सामान हे सारे जळणच होय. त्याला प्राणवायू आणि पुरेशी उष्णता मिळाली की आग लागते. तारांतील 'शॉर्ट सर्किट' किंवा बाकाखाली टाकलेले विडीचे थोटूकही ही उष्णता पुरवू शकते.

आता पुढे काय होते ते पाहू. तापलेला धूर हलका असल्याने वर जातो. मैदानात तो आकाशात निघून गेला असता. येथे छत त्याला अडवते. मग तो छतालगत डब्याच्या दोन्ही टोकांकडे पसरतो. त्याचा थर जाड होत खाली उतरतो. या थराचे तापमान सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअस झाले, की तो जणू उलटी टांगलेली शेगडीच बनतो! त्याच्या प्रारणाने खालची आसने तापतात, त्यांतून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाळेचा स्पर्श न होताही सारे एकदम पेटते. याला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. सुटका करून घ्यायची ती त्याआधीच.

ज्वाळेआधी धूरच घात करतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. स्पंज जळताना विषारी हायड्रोजन सायनाइडही निघतो.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या उभ्या डब्यात, चोरून आणलेल्या गॅसच्या सिलिंडरमुळे आग लागून ९ जण दगावले. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खिडकीतून निघून न जाता तळाशी साचतो. मग एक ठिणगी पुरते!

आग दिसली तर काय कराल? साखळी ओढा, कारण धावत्या गाडीतला वारा आगीला फुलवतो. खाली हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते, म्हणून वाकून चला. शेजारच्या डब्यात जा आणि सर्वजण आले की मधले दार लावून घ्या. गाडी थांबल्यावर उतरावे लागले, तर शेजारी रूळ नसलेल्या बाजूला उतरा. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात आगीच्या नुसत्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून काही प्रवासी लगतच्या रुळांवर उतरले आणि तेथून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडून प्राणास मुकले. डब्यात आग नव्हतीच!