भाऱ्यात अन्न किती, पाणी किती?

हिरव्यागार गवताचा भारा गाईपुढे टाकला, की तिचे पोट भरले असे आपल्याला वाटते. पण त्या भाऱ्यात अन्न किती असते? पाहा बरे करून! एक किलो ताजे हत्तीगवत बारीक कापा, उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा तोला. जेमतेम पाव किलो भरेल. बाकीचे सारे पाणी!

आता हिशेब मांडा. 400 किलो वजनाच्या दुभत्या गाईला रोज 10 ते 12 किलो शुष्क पदार्थ लागतात. नुसत्या ओल्या गवतातून ते मिळवायचे, तर तिला 40 ते 50 किलो गवत खावे लागेल.

वजनाइतकेच प्रथिनांनाही महत्त्व आहे. ती नसतील तर दूध कोठून येणार? 100 ग्रॅम शुष्क पदार्थात ज्वारीच्या कडब्यात प्रथिने 3-4 ग्रॅम, हत्तीगवतात 8-10 ग्रॅम, तर लसूणघासात 18-20 ग्रॅम असतात. लसूणघास द्विदल वनस्पती आहे. त्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नायट्रोजन त्याला पुरवतात आणि त्यापासून प्रथिने बनतात.

मग नुसता लसूणघासच घालावा का? मुळीच नाही! उपाशी गाईने ओला, कोवळा घास भरपूर खाल्ला, तर पोटातला वायू फेसात अडकतो. पोट फुगून गाय दगावूही शकते. म्हणून आधी थोडा कडबा, मग घास. हत्तीगवतही वेळेवर कापावे. ते जून झाले की प्रथिने घटतात.

तुमच्या गोठ्यातल्या गव्हाणीत काय काय पडते? तराजू घ्या आणि शोधा!